गणपतीच्या शाळेतला हात पेन टॅब्लेटवर का थरथरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा मुलगा कणकवलीच्या बाजूचा, चौदाव्या वर्षापासून गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, रंगकामाला जातो आणि गेली तीन वर्षं डोळ्यांची आखणी तोच करतो. यंदाच्या सीझनच्या पैशातून त्याने लहान साइजचा पेन टॅब्लेट, म्हणजे वर पेन फिरवलं की रेषा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उमटते ती पाटी, घेतला, लॅपटॉप घरात होताच. सोबत टॅब्लेटची आणि स्क्रीनची मापं आणि काढलेल्या डोळ्याचं चित्र पाठवलंय, हे नवीन तंत्र आमच्या हाताला जमेल का असंही विचारलंय. आता लिहितो, "ताई, मूर्तीवर माझी रेषा एका दमात जाते पण टॅब्लेटवर थरथरते, गोल काढला तर आडवा पसरतो, फोटोशॉपमध्ये कितीही दाबलं तरी रेषा एकाच जाडीची, आणि मित्र म्हणतो दोन हजार लेव्हलचा घेतलास म्हणून असं होतंय, आठ हजारवाला नाहीतर सरळ स्क्रीनवालाच घ्यायचा होतास. विकून टाकू का?"

विकू नकोस. निदान खाली सांगते ते सगळं करून बघेपर्यंत तरी नको. मी कुडाळात ग्राफिक्सचं काम करते, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, काजू-कोकमाची पाकिटं, लग्नपत्रिका, लहान मुलांच्या पुस्तिकांची चित्रं, जे येईल ते, आणि २००८ पासून पेन टॅब्लेट रोज हातात आहे. माझ्या मामांची गणपतीची शाळा होती, सातवी-आठवीत मी तिथे सोवळ्याचा पिवळा रंग भरायला बसायचे, त्यामुळे तुझी तक्रार मला वाचताक्षणी कळली. तुझ्या त्या एका प्रश्नात चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत रे, चारींची कारणं वेगळी आहेत, आणि त्यातलं एकही कारण तुझा हात वाईट आहे हे नाही.

आधी मित्राचं लेव्हलचं बोलणं बाजूला काढू म्हणजे डोक्यातली रुखरुख जाईल. लेव्हल म्हणजे पेन किती दाबलं ते मोजायच्या पायऱ्या. माझा पहिला टॅब्लेट ५१२ लेव्हलचा होता. मग १०२४ आला, २०४८ आला, ४०९६, ८१९२, आता तर बॉक्सवर १६,३८४ पण छापतात. आकडा दरवेळी दुप्पट होतो कारण मशीनच्या मोजमापात एक बिट वाढला की दुप्पटच होतो, त्यात जादू काही नाही. आता तूच हिशोब कर, तुझ्या ब्रशची जास्तीत जास्त जाडी समजा ३० पिक्सेल आहे, तर त्या तीस पिक्सेलमध्ये २०४८ पायऱ्या आधीच गरजेपेक्षा कितीतरी जास्त झाल्या. रंगाचा फिका-गडदपणा दाबावर ठेवलास तरी नेहमीच्या ८ बिट फाइलमध्ये एका चॅनलला छटाच २५६ असतात. मग ८१९२ पायऱ्या दाखवणार कुठे? त्यामुळे २०४८ तुला पुरून उरतील. खरा फरक पडतो तो बॉक्सवर बहुतेक वेळा न छापलेल्या एका गोष्टीने, म्हणजे पेन किती हलक्या स्पर्शाला जागं होतं. काही पेनं एक-दोन ग्रॅमच्या भाराला ओळखतात, काहींना दहाच्या पुढे लागतात. तुझ्यासारख्या ब्रशवाल्या हलक्या हाताला हाच आकडा महत्त्वाचा, त्याच्याकडे परत येते.

हे यंत्र चालतं कसं ते दोन मिनिटांत समजून घे, कारण थरथरीचं मूळ त्यात आहे. टॅब्लेटच्या काळ्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली बारीक तारांची आडवी-उभी जाळी असते. ती जाळी क्षणभर चुंबकीय लहरी सोडते, पेनातलं तारेचं वेटोळं त्या पकडतं आणि तशीच लहर परत फेकतं, मग जाळी गप्प राहून ऐकते की कुठल्या तारेला सगळ्यात जोरात ऐकू आलं, तिथे पेन आहे असं ठरतं. असं सेकंदाला शेकडो वेळा चालतं. निब, म्हणजे पेनाचं टोक, दाबली की पेनाच्या आतल्या सर्किटमध्ये किंचित बदल होतो, परत येणाऱ्या लहरीची फ्रिक्वेन्सी हलते, तोच तुझा दाब. म्हणून पेनात सेल नाही, चार्जिंग नाही, आणि म्हणूनच पेन पत्र्याला न टेकता सात-आठ मिलिमीटर वर धरलंस तरी कर्सर हलतो. जपानची वॅकॉम १९८३ साली निघाली, बिनवायरचं बिनसेलचं पेन त्यांनी रुळवलं, आणि आता बाकीच्या कंपन्यांची बहुतेक पेनंही याच तत्त्वावर चालतात. तू विचारलंस की हे नवीन तंत्र आमच्या हाताला जमेल का, तर हे नवीन नाही, पेनाने कॉम्प्युटरवर काढायचा रँड टॅब्लेट १९६४ सालचा आहे. माणसं साठ वर्षं हे करतायत, तुलाही जमेल.

आता गोलाची तक्रार घेऊ, ती पाच मिनिटांत सुटते. मापं तू दिली आहेस, टॅब्लेटची काढायची जागा १५२ बाय ९५ मिलिमीटर आणि स्क्रीन १९२० बाय १०८०. टॅब्लेटचं रुंदी-उंचीचं प्रमाण १.६ येतं आणि स्क्रीनचं १.७८ च्या आसपास. म्हणजे ड्रायव्हरने, टॅब्लेट चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, अख्खा टॅब्लेट अख्ख्या स्क्रीनवर ताणून बसवला की आडव्या दिशेला तुझा एक मिलिमीटर १२.६ पिक्सेल होतो आणि उभ्या दिशेला ११.४. तू हाताने अगदी खरा गोल काढलास तरी स्क्रीनवर तो ११ टक्के आडवा पसरणार. गणपतीचं पोट पसरलं तर एखादवेळी खपेल, पण चेहरा? आणि वाईट म्हणजे तुझा हात हळूहळू ही चूक भरून काढायला शिकतो, मग कागदावर गेलास की तिथे गोल उभट येतो. म्हणून हे आजच्या आज सुधार. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये मॅपिंग नावाचा भाग असतो, त्यात प्रमाण सारखं ठेवायचा पर्याय असतो, तो टिक कर, आपोआप खालची साधारण नऊ-साडेनऊ मिलिमीटरची पट्टी बंद होईल. जागा गेली म्हणून हळहळू नकोस. मग चहाची बशी टॅब्लेटवर उपडी ठेवून तिच्या कडेने पेन फिरव, बशी मावत नसेल तर वाटी घे, आणि स्क्रीनवरचा गोल प्रोग्रॅमच्या गोल टूलशी ताडून बघ. पण स्टीलची वाटी नको, प्लास्टिकची किंवा चिनी मातीची घे, धातू लहरींमध्ये गडबड करतो.

थरथरीला दोन कारणं असू शकतात आणि ती वेगळी करता आली पाहिजेत. पहिलं कारण साधं गणित आहे. पंधरा इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण ३४५ मिलिमीटर रुंद, तुझा टॅब्लेट १५२, म्हणजे तुझ्या हाताची प्रत्येक हालचाल जवळजवळ सव्वादोन पट मोठी होऊन दिसते. मूर्तीवर काम करताना अर्धा मिलिमीटर हात हलला तर कुणाला दिसत नाही, इथे तोच एक मिलिमीटरच्या वर दिसतो. हात तोच आहे रे, भिंग मोठं लागलंय. मध्यम साइजच्या टॅब्लेटवर, २१६ मिलिमीटर रुंदीच्या, हे भिंग दीडपटीच्या थोडं वर राहतं, म्हणून पुढे कधी बदलायचाच झाला तर लेव्हल बघून नको, साइज बघून बदल. सध्या उपाय म्हणजे टॅब्लेटला स्क्रीनचा सगळा भाग न देता फक्त दोन-तृतीयांश भाग देऊन बघ, चित्र त्या भागात उघडायचं, कामाचे पॅनल बाहेर राहतात त्यांना माऊस लावायचा, सरावाचा पहिला आठवडा झाला की पुढे महिनाभर याचा फार उपयोग होतो.

दुसरं कारण विजेचं, आणि आपल्या भागात ते मी इतक्या घरात बघितलंय की इथे जरा थांबते. २०१४ साली माझीच रेषा बिघडली. हळू तिरकी रेषा काढली की तिला बारीक लाटा यायच्या, साधारण सारख्या अंतरावर, जणू कुणी करवतीचे दात काढलेत. मला वाटलं हातात काही झालं, मनगटाला पट्टा बांधला, निब बदलली, ड्रायव्हर तीनदा काढून घातला, त्या वर्षी आंब्याच्या लेबलांचं अख्खं काम मी माऊसने केलं आणि पाठ धरली. मग मेमध्ये एका संध्याकाळी वळवाच्या पावसात लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, मी तसंच काम ओढत राहिले आणि बघते तर रेषा काचेसारखी साफ. लाइट आली, परत दात. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मूळ चार्जर जळल्यावर मी बाजारातला एक स्वस्तातला डुप्लिकेट घेतला होता, आणि घराचं अर्थिंग नावाला होतं. आपल्याकडे जांभ्यावर घरं, अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि मग अर्थिंग लागतच नाही. त्यात आपण तीन पिनचा प्लग दोन पिनच्या एक्स्टेन्शनमध्ये घालतो. चार्जरमधला विजेचा गोंगाट मग यूएसबीच्या वायरीतून टॅब्लेटच्या जाळीपर्यंत येतो, आणि जाळी तर बारीक लहरी ऐकायलाच बसलेली असते, ती गोंगाटही ऐकते. लॅपटॉपच्या पत्र्याला मनगट टेकल्यावर झिणझिण्या येतात का तुझ्या? येत असतील तर नव्वद टक्के हेच.

तपासायची रीत अशी. प्लास्टिकची फूटपट्टी टॅब्लेटवर तिरकी ठेव, डाव्या हाताने घट्ट दाब, आणि पेन पट्टीला लावून अगदी गोगलगाईसारखं हळू ओढ. पट्टी आहे म्हणजे हात थरथरायचा प्रश्नच नाही. रेषा सरळ आली तर मशीन साफ आहे, थरथर भिंगाची आहे, सरावाने जाईल. लाटा आल्या तर चार्जर काढून तीच रेषा परत काढ. लाटा गेल्या की चोर सापडला. मग चांगला चार्जर, तीन पिनचं एक्स्टेन्शन, वायरमनला बोलावून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी, आणि हे होईपर्यंत बॅटरीवर काम. टॅब्लेटच्या शेजारी मोबाइल चार्जिंगला ठेवू नकोस, स्पीकर ठेवू नकोस, आणि चुंबकाच्या बटणाचं मोबाइल कव्हर तर त्याच्या जवळपास आणू नकोस.

फोटोशॉपमध्ये दाब लागत नाही त्याचंही बघू. आधी हे ठरव की दाब टॅब्लेटमधूनच येत नाहीये की फोटोशॉप घेत नाहीये. ड्रायव्हरच्या विंडोत दाब तपासायची जागा असते, तिथे दाबून पट्टी वर-खाली होते का बघ. होत असेल तर यंत्र ठीक. मग फोटोशॉपमध्ये एफ ५ दाबून ब्रशचं पॅनल उघड, शेप डायनॅमिक्समध्ये साइज जिटरच्या खाली कंट्रोल असतं तिथे पेन प्रेशर निवड, आणि रंग फिका-गडद हवा असेल तर ट्रान्सफरमध्ये ओपॅसिटीला तेच. तिथे त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसत असेल तर समज की फोटोशॉपला पेन दिसलेलंच नाही. बऱ्याचदा कारण इतकंच असतं की प्रोग्रॅम आधी उघडला आणि टॅब्लेट नंतर जोडला, बंद करून परत उघड. नाहीतर विंडोज इंकची भानगड असते, म्हणजे पेनाचा दाब विंडोजच्या वाटेने द्यायचा की जुन्या विनटॅबच्या वाटेने, यावर ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम यांचं एकमत नसतं. ड्रायव्हरमध्ये विंडोज इंकची टिक लावून बघ, काढून बघ, दोन्ही वेळा प्रोग्रॅम बंद करून उघडायचा. आणि अगोदर मित्राचा दुसऱ्या कंपनीचा टॅब्लेट या लॅपटॉपवर कधी लावला होतास का? लावला असशील तर त्याचा ड्रायव्हर आधी काढून टाक, लॅपटॉप रिस्टार्ट कर, मग तुझा घाल, दोन ड्रायव्हर एका घरात नांदत नाहीत. अजून एक, पेन टेकवून थांबलास की भोवती गोल कडं फिरतं आणि रेषा उशिरा सुरू होते ना? ते विंडोजचं राइट क्लिकसाठी दाबून धरायचं सेटिंग आहे, कंट्रोल पॅनलमध्ये पेन अँड टचमध्ये जाऊन बंद कर. फोटोशॉपच हवं असा हट्ट नसेल तर क्रिता घे, फुकट आहे, चित्र काढणाऱ्यांसाठीच बनवलंय, आणि त्याच्या सेटिंगमध्ये टॅब्लेट टेस्टर आहे तो दाबाचे आकडे सरळ लिहून दाखवतो.

हे झालं यंत्राचं. आता मला खरं जे सांगायचंय ते.

मामांच्या शाळेत आखणीला एक म्हातारे काका यायचे, फक्त शेवटच्या आठ दिवसांत. बाकी सगळी मुलं तोपर्यंत मुकुट, सोंड, उंदीर करून बाजूला झालेली असायची. ते पाट स्वतःकडे फिरवून घ्यायचे, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवायचे, ब्रशचं टोक पापणीच्या आतल्या कोपऱ्यात नुसतं लागेल इतकं लावायचे आणि मग रेषा केसासारखी निघायची, बुबुळाच्या वर येईपर्यंत जाड होत जायची, आणि बाहेरच्या कोपऱ्याला परत केसासारखी होऊन हवेत संपायची. मी एकदा ब्रश घेतला तर म्हणाले, "हात हलको ठेव गो, ब्रश आपणच जाता." तू तीन वर्षं हेच करतोयस. बारीक, जाड, बारीक. हाच तर दाब. कॉम्प्युटरवाल्या मुलांना जे शिकवायला मला सहा-सहा महिने लागतात ते तुझ्या बोटात आधीच बसलंय.

मग टॅब्लेटवर का येत नाही? कारण ब्रशचे केस वाकतात आणि निब वाकत नाही. ब्रश टेकवल्यापासून पूर्ण जाड रेषेपर्यंत तुझी बोटं तीन-चार मिलिमीटर खाली जातात, तेवढ्या अंतरात हाताला कळत राहतं की आत्ता किती जाडी झाली. प्लास्टिकची निब दाबलीस तर ती जेमतेम हलते, डोळ्याला दिसणारही नाही इतकी. सगळी जाडी त्या न दिसणाऱ्या हालचालीत कोंबलेली असते. हाताला खाली जायला जागा नाही, मग तो घाबरतो, एकतर इतका हलका पडतो की पेन जागंच होत नाही आणि रेषेचं पहिलं टोक गायब होतं, नाहीतर एकदम जोर देतो आणि रेषा धप्पकन जाड होते. तुझ्या पाठवलेल्या चित्रात मला हेच दिसलं, डोळ्याचा आतला कोपरा तुटलाय आणि मध्ये रेषा फुगलीय. हात बिघडलेला नाही, हाताला खबर मिळत नाहीये. ब्रशवर जी खबर बोटांना मिळायची ती इथे डोळ्यांनी स्क्रीनवरून घ्यायची आहे, आणि ही सवय लागायला दोन-तीन आठवडे जातात, सगळ्यांचे जातात.

तोपर्यंत यंत्र तुझ्या हाताला लावून घे. ड्रायव्हरमध्ये टोकाचा मऊपणा-कडकपणा बदलायची पट्टी असते आणि क्रितामध्ये दाबाची वक्ररेषा हाताने ओढता येते. ती रेषा कोपऱ्यातून कोपऱ्यात सरळ असते, तिचा सुरुवातीचा भाग थोडा वर उचल, म्हणजे अगदी हलक्या स्पर्शालाही रेषा उमटेल, आणि वरचा शेवटचा भाग जरा आडवा कर म्हणजे पूर्ण जाडीला जीव खाऊन दाबावं लागणार नाही. मधला भाग मात्र सावकाश चढता ठेव, डोळ्याची सगळी रेषा मधल्या भागातच जगते. जड हाताच्या माणसाने याच्या बरोबर उलट करायचं असतं, म्हणून दुसऱ्या कुणाची सेटिंग उतरवून घेऊ नकोस. बदललंस की वीस पापण्या काढ, परत बदल, परत वीस. मला माझी वक्ररेषा सापडायला दोन संध्याकाळी गेल्या आणि ती मी अजून बदललेली नाही.

दुसरी सोय म्हणजे घसट. निब गुळगुळीत पत्र्यावर साबणासारखी पळते, मूर्तीवर शाडूचा किंवा रंगाच्या अस्तराचा धर असतो तो इथे नसतो. टॅब्लेटवर साधा झेरॉक्सचा कागद कडांना टेप लावून चिकटव. लहरी कागदातून आरपार जातात, काही बिघडत नाही, आणि हाताला लगेच ओळखीचं वाटतं. फक्त निब लवकर झिजते. झिजलेली निब कशी दिसते ते बघून ठेव, टोकाचा गोलवा जातो आणि एका बाजूने तिरका सपाट काप पडतो, आपण पेन्सिल तिरकी धरून झिजवतो तसा. त्या कापाची कड धारदार झाली की पत्र्यावर चरे पडतात, त्याच्या आधी बदल. बॉक्समध्ये जास्तीच्या निबा आणि काढायची छोटी कडी दिलेली असते, ती आईने कचरा म्हणून टाकली नाही ना ते बघ.

बसायचं कसं, तर शाळेत बसतोस तसं मांडी घालून बसलास तरी चालेल, पण लॅपटॉप चौरंगावर आणि टॅब्लेट बरोबर स्क्रीनच्या समोर सरळ. टॅब्लेट जरा जरी तिरका राहिला तर तुझी आडवी रेषा स्क्रीनवर चढती जाते आणि तू हाताला दोष देत बसतोस. मान खाली घालून टॅब्लेटकडे बघायचं नाही, नजर स्क्रीनवरच. आणि काका पाट फिरवून घ्यायचे ते आठव. हाताचा एक नैसर्गिक कंस असतो, मनगटाभोवती किंवा कोपराभोवती, तो एकाच दिशेने छान जातो, म्हणून हात वाकडा न करता चित्र फिरवायचं. क्रितामध्ये ४ आणि ६ ही बटणं चित्र डावी-उजवीकडे फिरवतात, ५ दाबलं की सरळ, फोटोशॉपमध्ये आर धरून फिरव. डावा हात कायम कीबोर्डवर. ही एक सवय लागली की अर्धी थरथर इथेच संपते असं माझं मत आहे.

सरावाचं सांगते. पहिला आठवडा माऊस कपाटात ठेव आणि सगळं पेनानेच कर, फाइल उघडणं, फोटो बघणं, बिलं टाइप करताना क्लिक करणं, सगळं. हात आणि डोळ्याची गाठ तिथेच बसते, चित्र काढायची घाई नको. मग रोज अर्धा तास नुसत्या रेषा, बारीक-जाड-बारीक, आधी हवेत दोनदा फिरवून मग टेकवायची, पेन टेकलेलं नसतानाही कर्सर दिसतो त्याचा हा फायदा. कंट्रोल झेड, म्हणजे काढलेली रेषा मागे घ्यायची बटणं, मात्र जपून. दहा रेषा काढ, दहाही ठेव, मग बघ कुठली चांगली आणि का. प्रत्येक रेषा पुसत बसलास तर हात भित्रा होतो. मूर्तीवर कुठे कंट्रोल झेड असतं, म्हणून तर तुझा हात तिथे ठाम आहे. क्रितामध्ये स्टॅबिलायझर असतो, रेषा आपोआप गुळगुळीत करतो, तो लेबलवरच्या लांब वेलबुट्टीला लाव, डोळ्याला लावू नकोस, जास्त लावला की सगळ्यांच्या रेषा सारख्याच दिसायला लागतात.

नक्कल कशाची करायची विचारत असशील तर आपल्याकडे खजिना पडलाय. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवतात ते जाऊन बघ, दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, सगळे गोल, आणि त्या एवढ्याशा गोलात ब्रशची रेषा काय नाचते. तुझं मॅपिंग बरोबर आहे की नाही ते पण तिथेच कळेल. आणि पिंगुळीला ठाकर आदिवासी कला आंगणात जाऊन चित्रकथी, म्हणजे कथा सांगताना दाखवायची चित्रं, बघ, परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती हीच परंपरा जपल्याबद्दल. त्या चेहऱ्यांचे मोठे डोळे बघ आणि रेषा कुठे दाबलीय, कुठे सोडलीय ते वहीत टिपून आण.

स्क्रीनवाल्या टॅब्लेटबद्दल माझं स्पष्ट म्हणणं आहे की आत्ता नको. चांगला आहे, हात जिथे तिथेच रेषा दिसते, शिकायला कमी वेळ लागतो, हे खरं. पण पैसे कितीतरी पट, वायरी दोन-तीन, काचेच्या जाडीमुळे निब आणि रेषेत किंचित अंतर पडतं, आणि दिवसभर मान वाकवून काम. आखणीच्या दिवसांत मान कशी धरते ते तुला माहीत आहे, बारा महिने तेच कशाला? साध्या टॅब्लेटवर मान सरळ राहते आणि आपलाच हात रेषेच्या मध्ये येत नाही. मी दोन्ही वापरलेत आणि रोजच्या कामाला साधाच ठेवलाय.

पावसाची काळजी घे. जूनपासून हाताला घाम आणि हवेला ओल, तळहात पत्र्याला चिकटतो आणि रेषा मध्येच अडकते, त्यासाठी करंगळी आणि तिच्या बाजूच्या बोटाचा ग्लव्ह मिळतो, नाहीतर जुना सुती मोजा कापून घाल, मी तेच करते. काम झालं की टॅब्लेट कोरड्या फडक्याने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. खाऱ्या हवेने यूएसबीच्या टोकाला हिरवा गंज चढतो आणि मग टॅब्लेट मधूनच गायब होतो, लोक ड्रायव्हरला शिव्या देतात. वीज चमकायला लागली की वायर काढून टाकायची, उद्याचं काम उद्या. क्रितामध्ये ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर आण.

आज रात्री फूटपट्टीचा प्रयोग कर, एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून, दोन्ही रेषा एकाच फाइलमध्ये एकाखाली एक काढ आणि ती फाइल मला पाठव, झूम न करता. सोबत लिही की लॅपटॉपला झिणझिण्या येतात का, आणि वीस पापण्या काढल्यावर आतला कोपरा तुटायचा थांबला का.